खोक्यातून आलेला ट्रंपेट

दिवाळीचे ऑनलाइन सेल आटोपले की आठ-पंधरा दिवसांत आमच्या टेबलावर कोरी खोकी यायला लागतात. पुण्याच्या पेठेतल्या एका बोळात आम्ही फुंकून वाजवायची पितळी वाद्यं दुरुस्त करतो. पूर्वी इथलं गिऱ्हाईक म्हणजे बँडवाला. लग्नसराई संपली की पोत्यात भरून वाद्यं यायची. चेपलेली, डाग सुटलेली, पावसात भिजून हिरवी पडलेली. ती मंडळी आजही येतात. पण आता त्यांच्या जोडीला शाळकरी मुलं, त्यांचे आईवडील, हिंजवडीत नोकरी करणारे हौशी तरुण येतात. त्यांच्या खोक्यातलं वाद्य झिजलेलं, मोडलेलं नसतं. ते अजून एकदाही धड वाजलेलंच नसतं.

मागच्या हंगामात चिंचवडहून एक गृहस्थ आले. मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी ट्रंपेट मागवला होता. खोकं टेबलावर ठेवत म्हणाले, "दादा, यातून आवाजच येत नाही. फुंक पुढे जातच नाही. परत न्यायला माणूस चार वाजता येणार आहे, त्याआधी एकदा बघा." मुलगी मागे उभी होती, रडून डोळे सुजलेले.

मी पिस्टनची टोपणं सोडवली. ट्रंपेटला तीन पिस्टन असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात. पिस्टनला आरपार भोकं असतात; ती भोकं बाहेरच्या नळ्यांच्या तोंडाशी जुळली तरच हवा पुढे जाते. ती जुळावीत म्हणून पिस्टनला एक बारीक जीभ असते आणि ती आतल्या खाचेत बसते. खोक्यातल्या कागदावर 'वाजवण्यापूर्वी तेल घाला' एवढंच छापलेलं असतं. घरच्यांनी भक्तिभावाने तिन्ही पिस्टन काढले, तेल घातलं आणि परत ठेवताना दोन उलटे ठेवले. मी ते जागेवर फिरवले, जीभ खाचेत 'टक्' करून बसली आणि मुलीच्या हातात वाद्य दिलं. पहिल्याच फुंकीला आवाज निघाला. बोळातली दोन माणसं वळून बघायला लागली.

हा किस्सा आमच्याकडे दर हंगामात घडतो. माणसं, गावं बदलतात, पिस्टन तेच उलटे. 'बिघडलेला' म्हणून परत जाणाऱ्या ट्रंपेटांपैकी किती या एका कारणाने जात असतील, हा विचार मनात येतो.

पण त्या गृहस्थांनी नंतर जे विचारलं तो खरा प्रश्न होता. "म्हणजे वस्तू चांगली आहे ना?"

मला हे काम शिकवलं ते मेरठहून येऊन पुण्यात स्थायिक झालेल्या एका कारागिराने. आम्ही त्यांना उस्तादच म्हणायचो. कुठलाही ट्रंपेट हातात आला की ते म्हणत, "पहले साँस देख, सुर बाद में." साँस बघायची ती अशी: तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, पिस्टन न दाबता, हळूच बाहेर ओढायची. थोडं थांबायचं. मग पिस्टन दाबायचा. आत हवा धरून राहिली असेल तर 'फट्' असा स्वच्छ आवाज येतो. पिस्टन सैल असेल तर तेवढ्या वेळात हवा आत शिरते आणि दाबल्यावर काहीच होत नाही. या परीक्षेला ना यंत्र लागतं, ना पैसा. चिंचवडच्या ट्रंपेटची मी त्यांच्यासमोरच परीक्षा केली. पहिल्या पिस्टनला मेल्यासारखा आवाज आला, तिसऱ्याला तेवढाही नाही. नवं कोरं वाद्य आणि साँस वीस वर्षं वाजलेल्या वाद्याची.

स्वस्त ट्रंपेटमध्ये पैसा कुठे वाचवलेला असतो, तर इथे. बाहेरून बघा, तो महागड्या ट्रंपेटसारखाच दिसतो. बेलला, म्हणजे पुढच्या कर्ण्याला, तीच चकाकी, खोक्यात मखमलीचं अस्तर, वर पांढरे हातमोजे, पुसायला फडकं आणि तेलाची बाटली फुकट. पण पिस्टन आणि त्याची नळी यांच्यात जी फट ठेवायची असते ती मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागांएवढी. माणसाचा केससुद्धा त्याहून जाड असतो. फट जास्त झाली की हवा गळते आणि कमी झाली की पिस्टन अडकतो. चांगल्या कारखान्यात प्रत्येक पिस्टन त्याच्या स्वतःच्या नळीत बारीक रगडा लावून घासून बसवतात, त्यामुळे एका ट्रंपेटचा पिस्टन दुसऱ्यात नीट चालत नाही. एका दुपारी माझ्या टेबलावर तीन वेगवेगळ्या नावांचे स्वस्त ट्रंपेट होते. मुद्दाम पिस्टनची अदलाबदल करून पाहिली. कुठलाही पिस्टन कुठेही गेला आणि सगळीकडे सारखाच सैल बसला. नावं तीन, कारखाना बहुधा एक. यात नवल काही नाही. चीनमधल्या तिएनजिनच्या कारखान्यांतून निघालेल्या वाद्यांवर विक्रेता आपल्याला हवं ते नाव कोरून घेतो. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी मोठे कारखाने दुकानदारांच्या नावाने अशीच वाद्यं बनवून द्यायचे.

आणि तो रगडा! स्वस्त वाद्यांत तो पुरता धुतलेलाही नसतो. कोरा ट्रंपेट कोमट पाण्यात बुडवला की करडं-काळं पाणी निघतं. तो रगडा आत राहिला तर प्रत्येक दाबाबरोबर पिस्टन आणखी घासत जातो. म्हणून नवीन ट्रंपेट वाजवण्याआधी धुवायचा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पाणी कोमटच हवं, कढत पाण्याने वरचं लॅकर सुटतं.

मेरठविषयी थोडं सांगायला हवं, कारण ऑनलाइन दिसणाऱ्या भारतीय बनावटीच्या ट्रंपेटांचं माहेर तेच. तिथल्या जली कोठी भागात बँडच्या वाद्यांचे कारखाने आहेत. नादिर अली या बँडमास्तरांनी 1885 साली सुरू केलेली कंपनी हे तिथलं सर्वांत जुनं नाव. ब्रिटिश फौजेला बिगुल लागत, ते मेरठ पुरवू लागलं आणि पुढे देशभरच्या बँडपथकांच्या खांद्यावर मेरठचं पितळ आलं. उस्ताद तिथले. आपल्या गावाबद्दल त्यांना अभिमान होता, तरी ते स्वच्छ सांगायचे की मेरठचा बिगुल डोळे मिटून घ्यावा, युफोनियम बघून घ्यावा आणि ट्रंपेट घेताना साँस बघावी. बिगुलाला पिस्टनच नसतो. पत्रा ओढणं, नळी वाकवणं, डाग देणं यात त्या लोकांचा हात कुणी धरू शकत नाही. अडचण फक्त त्या केसाहून बारीक फटीची आहे आणि तिच्यासाठी लागणारी यंत्रं पाच-सात हजारांच्या ट्रंपेटमध्ये परवडत नाहीत.

मेरठचा माल परदेशातही जातो, याचा पुरावा एकदा माझ्याच टेबलावर आला. न्यू जर्सीला राहणाऱ्या एक बाई सुट्टीत पुण्याला माहेरी आल्या होत्या. तिकडच्या शाळेत चौथी-पाचवीत मुलं बँडमध्ये जातात आणि वाद्य आपलं आपण आणायचं असतं. बहुतेक पालक गावातल्या दुकानातून महिन्याच्या भाड्याने वाद्य घेतात. यांनी ऑनलाइन स्वस्त पाहिलं, मागवलं. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या बँडमास्तरांनी नम्रपणे चिठ्ठी पाठवली की हे वाद्य चालणार नाही. तिकडच्या दुरुस्तीच्या दुकानाने तर हातही लावायला नकार दिला, कारण दुरुस्तीची मजुरी वाद्याच्या किमतीहून जास्त झाली असती. "भारतात स्वस्तात होईल म्हणून सामानात घालून आणला," बाई म्हणाल्या. मी पिस्टनचं खालचं टोपण उघडलं, हात ओळखला. मेरठहून निघून अटलांटिकपार गेलेलं पितळ पुण्यात परत आलं होतं. शक्य तेवढं केलं. पिस्टन मात्र नव्याने करावे लागले असते आणि त्यात नवा ट्रंपेट आला असता. मुलासाठी भाड्यानेच घ्या, असं सांगून मी त्यांना परत पाठवलं.

आता ज्या मुलामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटतं, त्याच्याबद्दल. नववीतला मुलगा, शाळेच्या बँडपथकात ट्रंपेट वाजवणारा. वडील रिक्षा चालवायचे. त्यांनी पैसे साठवून ऑनलाइन ट्रंपेट घेऊन दिला होता. मुलगा एकटाच आला आणि म्हणाला, "काका, ह्याचं पाणी काढायचं बूच गळतंय, तेवढं बदलून द्या." बूच बदललं आणि म्हटलं, वाजवून दाखव. त्याने सा लावला, वर गेला आणि वरच्या सा ला येऊन थांबला. कानाला टोचलं. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, "माझा कानच नाही. सर म्हणतात, सगळं बेसूर वाजवतोस."

आमच्या टेबलाखाली माउथपीस तपासायला एक जुना यामाहा असतो. चेपलेला, लॅकर उडालेला, पण साँस पक्की. मी तो त्याच्या हातात दिला आणि त्याच्या समोर ट्यूनर, म्हणजे सूर मोजायचं यंत्र, ठेवला. त्याने तेच केलं. खालचा सा, मग चढत चढत वरचा सा. सुई मधोमध उभी राहिली. मुलाने परत वाजवलं. परत सुई तिथेच. मग त्याने स्वतःचा ट्रंपेट उचलला: खालचा सा सुईवर बरोबर, वरचा सा जवळपास पाव सूर खाली. तो बराच वेळ आळीपाळीने दोन्ही वाजवत राहिला. मी त्याला थांबवलं नाही.

दोष होता माउथपीस जिथे बसतं त्या पहिल्या नळीचा. ही नळी बाहेरून सरळ दिसते, पण आतून ती हळूहळू रुंद होत जाते आणि ते रुंद होणं कसं आहे यावर खालचा आणि वरचा सूर जुळणं अवलंबून असतं. स्वस्त कारखाने बाख किंवा यामाहासारख्या नावाजलेल्या कंपन्यांच्या ट्रंपेटचं बाह्यरूप उचलतात. आतला उतार फोटोवरून उचलता येत नाही. कसलेला वादक असा ट्रंपेटसुद्धा ओठांच्या बळावर सुरात ओढून आणतो, कारण कोणता सूर कुठे हवा हे त्याच्या कानात पक्कं असतं. नवशिक्या पोराला तो कान त्या वाद्यावरच तयार करायचा असतो. म्हणूनच 'शिकण्यापुरता कसाही चालेल, पुढे चांगला घेऊ' हा हिशेब मला उलटा वाटतो. चांगल्या वाद्याची खरी गरज शिकणाऱ्याला असते. वाद्याचा दोष तो आपल्या अंगाला लावून घेतो आणि काही महिन्यांत वाद्य सोडून देतो. अशी सोडून दिलेली वाद्यं पुढे जुन्या बाजारातून आमच्याकडेच येतात, खोक्यासकट, हातमोज्यांची पिशवीही न फोडलेली.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर स्वस्त ट्रंपेटवर अन्याय होईल. काही दोष प्रत्येक ट्रंपेटमध्ये असतात, तो लाखाचा असला तरी. पहिला पिस्टन सूर दोन अर्धस्वरांनी उतरवतो, दुसरा एका, तिसरा तीन. एकत्र दाबले की नळीची लांबी थोडी कमीच पडते, म्हणून पहिला-तिसरा किंवा तिन्ही एकदम दाबून निघणारे खालचे सूर चढेच लागतात. त्यासाठीच तिसऱ्या स्लाइडला अंगठी असते. वाजवताना डाव्या हाताच्या बोटाने ती स्लाइड पुढे ढकलून सूर खाली आणायचा. विकत घेताना फोटोत ती अंगठी आहे का, हे बघाच. आणि हातात आल्यावर ती स्लाइड एका बोटाने सरकते का, तेही. लाल, निळ्या, जांभळ्या रंगांचे जे ट्रंपेट मुलांना फार आवडतात, त्यांत ही स्लाइड रंगाने जाम झालेली मी अनेकदा पाहिली आहे. शिवाय त्या रंगावर डाग देता येत नाही. ज्योत लावली की रंग जळून काळा पडतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच वाद्य खराब केलं.

तेलाचे किस्से सांगायला बसलो तर रात्र जाईल. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल, एकाने तर साजूक तूप. पिस्टनला फक्त व्हॉल्व्ह ऑइल, बस. आणि माउथपीस अडकलं तर पक्कड लावू नका. स्वस्त ट्रंपेटची पहिली नळी पातळ असते, ती पिळवटते. अडकलेलं माउथपीस ओढून काढायचं साधं हत्यार कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे असतं आणि काम पाच मिनिटांचं असतं.

मग स्वस्त ट्रंपेट घ्यायचाच नाही का? बँडवाले घेतात, आणि विचार करून घेतात. प्रभात, दरबार अशा नावाजलेल्या बँडांच्या या शहरात गणपतीच्या मिरवणुकीतलं वाद्य बारा-बारा तास उन्हापावसात असतं, धक्क्याने चेपतं, गर्दीत पडतं. तिथे महागडा ट्रंपेट नेणं वेडेपणा आहे. माझ्या ओळखीचे एक बँडमास्तर मेरठचा नवा ट्रंपेट घेतात तो वाजवायला नाहीच. त्याची बेल आणि सांगाडा ठेवतात आणि आत जुन्या मोडक्या परदेशी ट्रंपेटचा, नळ्यांसकट पिस्टनांचा अख्खा संच बसवून घेतात. माउथपीस स्वतःचं, वर्षानुवर्षं ओठांना सवयीचं. त्यांना स्वस्तात काय घ्यावं आणि कशावर खर्च करावा हे पक्कं ठाऊक आहे.

गोव्याच्या गावांत तर वाद्य घराण्यातच फिरायचं. चर्चच्या शाळेत मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, आधी सोल्फेज (सूर नावाने गाणं) पाठ करून घ्यायचे, वाद्य नंतर, आणि तेही बहुधा थोरल्या भावाचं नाहीतर काकाचं, अनेकदा डाग दिलेलं. त्या परंपरेतून आल्दोनाचे आंतोनियो झेवियर वाझ आले, ज्यांना मुंबईने चिक चॉकलेट म्हणून डोक्यावर घेतलं आणि ज्यांचा ट्रंपेट सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या 'अलबेला' चित्रपटातून 1951 साली घराघरांत पोचला. या परंपरेत वाद्य जुनं असे, पण ते आधी कुणीतरी वर्षानुवर्षं सुरात वाजवलेलं असे.

म्हणून कमी पैशात माझा पहिला सल्ला जुन्याचा असतो. नव्या अनोळखी नावापेक्षा यामाहाचा किंवा बाखचा वापरलेला विद्यार्थी ट्रंपेट घ्या. चेपलेला असला तरी हरकत नाही, चेप काढता येतो. फक्त पहिल्या नळीवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसतात का ते बघा. घामाने आणि थुंकीने पितळातलं जस्त निघून गेलं की मागे तांबं उरतं आणि नळी आतून कुजते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत हे लवकर होतं. चेप काढता येतो तसं हे दुरुस्त होत नाही.

आणि नवाच, ऑनलाइनच घ्यायचा असेल, तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, परत करायची मुदत आधी वाचा, कारण तोंडाने वाजवायची वाद्यं वापरल्यावर अनेक विक्रेते परत घेत नाहीत. वर्णनात 'बी फ्लॅट' लिहिलेलं आहे ना ते पाहा. पिस्टन न दाबता अशा ट्रंपेटचा सा हार्मोनियमच्या काळी पाचशी जुळतो. पेटीवर सूर धरून घरीच तपासता येईल. साँसची परीक्षा वर सांगितलीच आहे. तुमच्या गावात बँड असेलच. त्यातल्या ट्रंपेटवाल्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि मुलाच्या आधी त्याला तो ट्रंपेट वाजवायला द्या. त्याने खालचा आणि वरचा सा न ओढता लावला तर वाद्य ठेवा. नाही लागला तर मुदतीच्या आत परत पाठवा आणि मुलाला सांगा, दोष वाद्याचा होता.